४५ तोळ्यांचं निर्भीक आणि बाकीची चिमुकली हत्यारं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं सगळं वाचायला नको. अंगावर झाकून वागवायचं छोटं हत्यार म्हणून मी कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर घेतलं. याहून लहान मिळतं, याहून हलकं मिळतं आणि याहून स्वस्त तर हमखास मिळतं. ती सगळी हाताळून, एक-दोन चालवून, मग मी यावर आले. परवाना हातात आहे पण दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं हे ज्यांना कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचावं.

माझं फोंड्याला सोन्याचं दुकान आहे. पन्नाशी उलटली आहे, पावसाळ्यात उजव्या अंगठ्याचं मूळ ठणकतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो. हे मुद्दाम सांगते, कारण हत्यारांबद्दल बोलणारे बहुतेक तिशीतले धडधाकट पुरुष असतात आणि त्यांना सगळंच सोपं वाटतं. माझी गरज एवढीच: रात्री शटर ओढलं की किल्ल्या आणि कधी दिवसाची रोकड घेऊन गाडीपर्यंत चालायचं आणि घर गाठायचं. कमरेला पट्टा नाही, अंगावर जाकीट नाही, आणि मार्चपासून पाऊस लागेपर्यंत पाठीला कपडा चिकटलेला.

परवान्याचं पुराण थोडक्यात उरकते. अर्ज केला तेव्हा फोंडा उत्तर गोव्यात होता. २०१५ मध्ये तालुका दक्षिणेत गेला आणि माझी फाईल पणजीहून मडगावला. आमच्याकडे बंदुकीचा परवाना म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे रानडुक्करच येतो. सत्तरी, सांगे, केपे भागात पीक राखायला म्हणून घरटी नाही तरी वाड्यावर एखादी बंदूक असतेच. कार्यालयातल्या माणसाने अर्ज चाळला आणि विचारलं, "वहिनी, बागायत कुठे तुमची?" म्हटलं, "बागायत नाही हो, दुकान." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि फाईल पुढच्या टेबलावर सरकवली. पुढे पोलीस चौकशी, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, सगळं रीतसर झालं. तो दाखला नुसता कागद म्हणून घेऊ नका. रेंजवर जे शिकवतात ते कान देऊन ऐका, पैसे वसूल होतात.

आता वजनाचं. आम्ही सोनार, ग्रॅमशिवाय आमचं पान हलत नाही. निर्भीकचा कागदावरचा आकडा ५२५ ग्रॅम, म्हणजे जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने ४५ तोळे. त्याच घराण्यातलं साधं पोलादी बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर ७०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० तोळे. ईशापूरचं निडर हे २२ बोअरचं बाळ २५० ग्रॅमचं, २१-२२ तोळ्यांच्या मध्ये कुठेतरी. आणि टेक्सासला असलेला माझा भाचा खिशात केल-टेक पी-३२ नावाचं पिस्तूल घालून फिरतो, ते बिनगोळ्यांचं १८७ ग्रॅम भरतं. सोळा तोळे! आमच्याकडे एखाद्या लग्नात नवरीच्या अंगावर याहून जास्त असतं.

हे आकडे वाचून कोणालाही वाटेल, निडर घे नाहीतर भाच्यासारखं काहीतरी बघ. भाच्याचं आधी निकालात काढते. परदेशी हत्यारांची खाजगी आयात आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली. नेमबाज खेळाडूंसारखे मोजके अपवाद सोडले तर ती दारं आपल्याला उघडी नाहीत. देशात जी जुनी वॉल्थर, वेब्ली, ब्राउनिंग आहेत ती हातोहात फिरतात आणि भाव लाखांत सांगतात. शिवाय नऊ एमएम हे बोअरच सामान्य परवान्यावर चालत नाही, त्यामुळे अमेरिकेतले लोक ज्या छोट्या नऊ एमएमवर दिवसरात्र वाद घालतात तो वाद आपण ऐकायचा आणि सोडून द्यायचा. आपल्या वाट्याला मुख्यतः २२, २५ आणि ३२. त्यात लहान, हलकं आणि नवीन म्हणाल तर यादी एका हाताच्या बोटांवर संपते.

लहान पिस्तूल म्हणजे काय चीज असते हे मला घरातच शिकायला मिळालं होतं. सासऱ्यांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेलं ६.३५ एमएमचं ब्राउनिंग आमच्याकडे आहे, १९०६ चं मॉडेल, मुठीवर काळ्या कडक रबराच्या पट्ट्या आणि त्यावर एफएन ही अक्षरं. आता ते माझ्या परवान्यावर आहे. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे हे आणि निर्भीक मिळून माझा कोटा भरला.) लांबी साडेअकरा सेंटिमीटर, सहा काडतुसांचं मॅगझिन, आणि तळव्यात असं झाकून जातं की समोरच्याला वाटावं हातात सुपारीची डबी आहे. रूप पाहून जीव जडतो. पण ते रेंजवर घेऊन जा.

पहिली गोष्ट, मूठ. माझा हात काही मोठा नाही, तरी त्या मुठीवर दोनच बोटं बसतात आणि करंगळी हवेत राहते. हात घामाने ओला असेल तर प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात फिरतं आणि पकड नव्याने घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, वरची स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. लहान आहे म्हणजे ओढायला सोपं असणार, असं आपण धरून चालतो. असतं उलट. या पिस्तुलांत गोळी सुटताना स्लाइडला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. स्लाइडचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळं भागवायचं. मोठ्या पिस्तुलात स्लाइड जड म्हणून स्प्रिंग मऊ ठेवता येते. लहानात वजनच नाही, मग कसर स्प्रिंगने भरून काढायची. म्हणून चिमटीत येणाऱ्या त्या स्लाइडला धरायला जागा नाही आणि ओढायला मात्र जोर लागतो. भाच्याच्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून राहण्याची सोय आहे, त्यामुळे ते इतकं हलकं असूनही स्प्रिंग बरी आहे म्हणतो. खरं-खोटं तोच जाणे, मी ते चालवलेलं नाही.

तिसरी गोष्ट, असं पिस्तूल रोज अंगावर कसं वागवायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेचं पिस्तूल नळीत गोळी चढवून कमरेला लावणं मला मान्य नाही. हातातून पडलं तर काय, याला ठाम उत्तर नाही. मग नळी रिकामी ठेवायची आणि वेळ आली की स्लाइड ओढायची. आणि वेळ येते तेव्हा एका हातात किल्ल्यांचा जुडगा असतो. दोन्ही हात मोकळे असलेला लुटारूचा बळी मी तरी ऐकलेला नाही.

चौथी, गोळी. ६.३५ ची गोळी ५० ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅम. ३२ पिस्तुलाची ७१ ग्रेन, साडेचार ग्रॅमच्या थोडी वर. ३२ रिव्हॉल्व्हरची ९८ ग्रेन, सव्वासहाच्या पुढे. २२ ची सहसा ४०, अडीच ग्रॅमच्या जरा वर. यातली कुठलीच तोफ नाही. पण ६.३५ ची काडतुसं मिळवायला जी पायपीट करावी लागते ती केली की सरावाची हौस आपोआप फिटते. ब्राउनिंग आता तेल लावून तिजोरीत आहे. सासऱ्यांची आठवण म्हणून राहू दे.

हे सगळं डोक्यात घेऊन दुकानात गेले. दुकानदार जुना माणूस, घाई करत नाही, चहा मागवतो, आणि बाईमाणूस आली म्हणून गुलाबी काही काढत नाही, हे त्याचं कौतुक. त्याने पहिल्यांदा अशनी पुढे ठेवलं. बत्तीस बोअरचं देशी पिस्तूल, पोलादी, चपटं. चपटेपणा हा अशनीचा मोठा गुण. कपड्याखाली वजनापेक्षा जाडी जास्त दिसते. रिव्हॉल्व्हरची काडतुसांची गोल चक्री कुर्त्याला फुगवटा आणते, पिस्तूल पोटाला चिकटून बसतं. तुम्ही पुरुष असाल, शर्ट बाहेर सोडून पट्टा लावत असाल आणि हातात जोर असेल, तर अशनी नक्की बघा. मला स्लाइड ओढता आली, पण अंगठ्याचं मूळ कुरकुरलं. ऑगस्टमध्ये काय होईल याचा अंदाज तिथेच आला.

अशनीच्या निमित्ताने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण काउंटरवर मी माझ्या डोळ्यांनी गोंधळ पाहिला आहे. परवान्यावर नुसतं '३२ बोअर' लिहिलेलं असतं. पण पिस्तुलाचं बत्तीस आणि रिव्हॉल्व्हरचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब, बुडाला चांगली रुंद कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड, कड जेमतेम जाणवेल एवढी. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, बसतंय असं वाटलं तरी नाही. खोक्यावरचं नाव वाचा आणि एक काडतूस बाहेर काढून बघा. दोन्ही खडकीच्या कारखान्याची असतात, बुडावर केएफ कोरलेलं असतं, त्यामुळे नुसतं केएफ बघून फरक कळत नाही.

मग निर्भीक आलं. २०१४ च्या जानेवारीत हे बाजारात आलं तेव्हा दिल्लीच्या त्या भयंकर निर्भया प्रकरणाला वर्ष होऊन गेलं होतं, नावही तिथूनच सुचलेलं, आणि 'बायकांसाठीचं रिव्हॉल्व्हर' म्हणून मोठा गाजावाजा झाला. किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या पुढे. आता कराबिरासकट जो आकडा सांगतील तो सांगतील, तुम्ही थेट विचारून घ्या. ते येतं मरून रंगाच्या दागिन्याच्या पेटीत. मला हसू आवरेना. बायकांना दागिन्यांची आवड म्हणून अशी पेटी, असं त्यांचं म्हणणं होतं म्हणे. अहो, मी त्या पेट्या डझनाच्या भावाने घेते! पेटीचं मला कसलं अप्रूप. पेटीऐवजी एक बरं होल्स्टर, म्हणजे हत्याराचं खोळ, दिलं असतं तर दुवा दिला असता.

वस्तू मात्र चांगली आहे. घडण जुन्या वेब्लीच्या वळणाची: घोड्याच्या (काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या हातोडीच्या) पुढची खिट्टी अंगठ्याने ढकलली की नळी पुढे कलते, रिव्हॉल्व्हर मधोमध मोडतं आणि चक्रीच्या मधून चांदणीसारखी एक तबकडी वर येऊन सहाच्या सहा पुंगळ्या बाहेर ढकलते. खाली तळहात धरला की सगळ्या हातात. हे लिहिताना वाचणाऱ्याला वाटेल यात काय एवढं. तर ऐका. आपल्याकडे काडतुसं कोट्यावर मिळतात आणि नवीन घेताना आधीच्या रिकाम्या पुंगळ्या दाखवाव्या लागतात, दुकानदार मोजून घेतो. पिस्तूल पुंगळ्या उजवीकडे उडवतं. पावसाळ्यानंतरच्या गुडघाभर गवतात पुंगळी शोधणारे प्रतिष्ठित नागरिक मी पाहिले आहेत. रिव्हॉल्व्हरवाल्याला तो त्रास नाही.

हलकेपणासाठी टायटॅनियमची मिश्रधातू वापरली आहे. पोलादी भावंडापेक्षा पंधरा तोळे कमी, आणि त्या पंधरा तोळ्यांसाठी बरेच हजार जास्त. धातूचा भाव आणि घडणावळ यांचा हिशोब मला रोजचाच, तरी इथली घडणावळ जरा चढीच वाटली. पण दिवसभर अंगावर वागवून बघितलं आणि फरक पटला. साधं ७०० ग्रॅमचं संध्याकाळपर्यंत कमरेला टोचायला लागतं, मग माणूस ते काढून गल्ल्यात ठेवतो, आणि गल्ल्यात ठेवलेलं हत्यार गिऱ्हाईकाच्या हाताला लागू शकतं. निर्भीकमध्ये सहा काडतुसं भरली की आणखी पाचेक तोळे वाढतात, तरी विसर पडावा इतपत ते हलकं राहतं.

चाप. इथे थोडं थांबते, कारण खरेदीचा निर्णय चापावर व्हायला हवा आणि होतो मात्र दिसण्यावर. घोडा मागे न ओढता सरळ चाप दाबला की बोटालाच घोडा उचलायचा असतो आणि चक्रीही फिरवायची असते. कुठल्याही छोट्या रिव्हॉल्व्हरला त्यासाठी पाच-सहा किलोचा जोर लागतो. हत्याराच्या स्वतःच्या वजनाच्या दहापट! म्हणजे चाप ओढता ओढता हत्यारच हलतं आणि नळीचं तोंड खाली जातं. नवख्याच्या गोळ्या निशाणाच्या खाली डावीकडे का जातात, त्याचं अर्धं कारण हे. जितकं हत्यार हलकं तितकं हे जास्त, कारण ओढणाऱ्या बोटाला विरोध करायला समोर वजनच नाही. ४५ तोळे त्यातल्या त्यात बरा मध्य आहे. धक्क्याचंही तेच: निर्भीक हाताला झटका देतं, पण पकड सुटत नाही, मूठ पुरी आहे, माझी चारही बोटं बसतात.

हा जड चाप मला दोष वाटत नाही, हेही सांगून ठेवते. वर सुरक्षेचा वेगळा खटका ओढायची आठवण ठेवावी लागत नाही, पर्समध्ये कशाला तरी अडकून सहज सुटेल असंही नाही, गोळी पेटली नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढची येते. एका हातात किल्ल्या असताना दुसऱ्या एका हाताने चालतं. माझ्यासाठी हाच मुद्दा निर्णायक ठरला. अंगठ्याचं दुखणं चाप ओढण्याच्या आड येत नाही, ते काम तर्जनीचं.

घरी सराव म्हणाल तर काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चक्री दोनदा उघडून रिकामी असल्याची खात्री करून, नेम एका जाड भिंतीकडे धरून नुसता चाप ओढायचा. माशीवर, म्हणजे नळीच्या टोकाशी नेम धरायला असलेल्या उंचवट्यावर, एक रुपयाचं नाणं ठेवून ते पडू न देता चाप पूर्ण ओढता आला की समजा हात बसला. पहिल्या महिन्यात नाणं माझ्या पायावर किती वेळा पडलं ते विचारू नका.

याच ठिकाणी निडर बाद झालं. २२ चं काडतूस कडेवर ठोकल्याने पेटतं, मध्यभागी नाही. त्यामुळे असं हत्यार रिकामं ठोकत राहिलं तर टोचणी सरळ चक्रीच्या काठावर आपटते आणि दोन्हींचं नुकसान होतं. म्हणजे घरी कोरडा सराव करायचा नाही. आणि काडतुसं कोट्यावर. मग शिकायचं कधी? शिवाय कडेवर पेटणाऱ्या काडतुसात ठिणगी न पडण्याचं प्रमाण मधोमध पेटणाऱ्यापेक्षा जास्त असतं, ही त्या जातीचीच खोड आहे, कोणत्या कारखान्याची नाही. नळी बोटभर. पाच पावलांपलीकडे मला त्यावर भरवसा वाटला नाही. पण हातात घेतल्यावर ते जे काही हलकं लागतं! ज्यांचे हात खरोखरच अशक्त आहेत, ज्यांना ३२ चा झटका सोसत नाही, त्यांनी निडरच घ्यावं. नसण्यापेक्षा बरं आणि निर्भीकच्या मानाने खूपच स्वस्त.

प्रबल नावाचं रिव्हॉल्व्हर मी फक्त हाताळलं आहे. २०२३ मध्ये कानपूरहून आलं, चक्री बाजूला उघडते, अमेरिकन पद्धतीने, पल्ला ५० मीटरचा सांगतात. चाप मऊ वाटला. पण पुन्हा ७०० ग्रॅम. रात्री शटरपासून गाडीपर्यंतच्या माझ्या अंतराला ५० मीटरचा पल्ला काय करायचाय? गाडीच्या कप्प्यात किंवा घरी ठेवणाऱ्यांनी ते आधी बघावं.

आता वागवण्याचं, ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. पहिली कल्पना सगळ्यांची पर्स. पर्स मी पहिल्या झटक्यात नाकारली. आमच्याकडे चोर येतो तो दुचाकीवरून, आणि नेतो ती पर्सच. म्हणजे हत्यार चोराला आपण होऊन देण्यासारखं. अंगावरच हवं. बाजारात पोटाला गुंडाळायचे रुंद इलॅस्टिकचे पट्टे मिळतात. ते मागवले, एप्रिलमध्ये लावले आणि दुपारपर्यंत खाली पुरळ. त्यात चापावर नुसतं कापड येतं, कडक काही नाही. चाप झाकणारी बाजू कडक असलीच पाहिजे, यात तडजोड नाही.

शेवटी आमच्याकडे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा एक मुलगा आहे, त्याला गाठलं. त्याला हत्यार दाखवलं नाही, त्याच मापाचा लाकडी ठोकळा कारागिराकडून घडवून नेला. त्याने आतून प्लास्टिकची जाड शीट, बाहेरून कॅनव्हास, अंगाच्या बाजूला हवा खेळावी म्हणून सीटला लावतात ती जाळी, असं खोळ शिवलं आणि ते कॉटनच्या रुंद पट्ट्यावर बसवलं. सैल कुर्त्याखाली उजव्या बरगडीशी बसतं. कुर्त्याच्या शिवणीत तिथे हाताएवढी फट ठेवून घेतली आहे, वरून ओढणी. साडीवर हा प्रकार जमत नाही, तेव्हा साडीच्या दिवशी ते घरच्या तिजोरीत. "काकी, हे मोबायलाचं कव्हर काय?" असं त्याने विचारलं होतं. म्हटलं, तसंच समज. कायद्याच्या बाजूनेही हे ठीक बसतं: २०१६ च्या नियमांत हत्यार उघडं मिरवायला बंदी आहे, ते होल्स्टरमध्ये झाकून न्यायचं.

चामड्याचं होल्स्टर दिसायला देखणं, पण गोव्यात त्यात हत्यार रात्रभर ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. निर्भीकचा सांगाडा टायटॅनियमचा असला तरी आतल्या स्प्रिंगा, खिळे, स्क्रू पोलादाचेच. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी सांगितल्याप्रमाणे आम्ही हत्यारं ठाण्यात जमा केली. आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला, परत मिळेपर्यंत पाऊस दाराशी. ज्या ठाण्यात होती तिथे कापडी पिशवीत बांधून कोपऱ्यात ठेवली होती. ब्राउनिंगच्या स्लाइडवर तांबड्या ठिपक्यांची रांगोळी. तक्रार कोणाकडे करणार? तेव्हापासून जमा करताना मी हत्यार तेलाने माखून, तेलकट कागदात गुंडाळून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत देते आणि पावतीवर 'डाग नाहीत' असं लिहून घेते. पुड्यांची आमच्या दुकानात काय कमी.

देवळाचं अवघड आहे. म्हार्दोळला किंवा कवळ्याला जाताना हत्यार अंगावर घेऊन गर्दीत शिरायचं नाही आणि गाडीतही सोडायचं नाही. मग ते घरीच राहतं. लग्न, जत्रा, जिथे पेला फिरतो अशी कुठलीही बैठक, तिथेही नाही. आणि सगळ्यांत मोठी गंमत हुपरीची. चांदीचा माल बघायला मी कोल्हापूरकडे जाते, अनमोड घाटातून बेळगाव, निपाणी करत. खरी जोखीम त्या रस्त्यावर. पण माझ्या परवान्यावर क्षेत्र गोव्यापुरतं आहे. मोल्याच्या पुढे घाट चढून कर्नाटकाची हद्द लागली की हत्यार बेकायदा, पुढे महाराष्ट्रात तसंच. तेव्हा लाखाचं निर्भीक तिजोरीत आणि मी बरोबर दोन माणसं घेऊन दिवसाउजेडी. परवाना घेतानाच क्षेत्राच्या रकान्यात काय लिहून येतंय ते वाचा आणि ज्यांचा धंदा हद्दीपलीकडे आहे त्यांनी तेव्हाच कारणं देऊन अर्ज करा. हत्यार कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

दुकानाबद्दल एकच तक्रार, आणि ती त्या दुकानाची नाही, सगळ्या व्यवस्थेचीच आहे. एवढे पैसे मोजून घ्यायची वस्तू चालवून बघता येत नाही. स्कूटर घेताना चक्कर मारू देतात, इथे गोळी सोडा, पुष्कळ दुकानांत रिकामा चापही ओढू देत नाहीत. माझ्या दुकानदाराने दिला, काउंटरमागच्या भिंतीकडे तोंड करून, आधी स्वतः चक्री उघडून दाखवून. दोन वेगवेगळे निर्भीक मागा. त्यांच्या चापात फरक जाणवतो, जो मऊ आणि न अडखळता येतो तो घ्या. चक्री बंद केल्यावर हलकेच हलवून बघा, खुळखुळता कामा नये. खिट्टी दहा वेळा उघडून लावा. चष्मा काढून माशी दिसते का बघा, कारण रात्री चष्मा नाकावर असेलच असं नाही. मला ती दिसत नव्हती, म्हणून घरी आणल्यावर टोकावर नेलपॉलिशचा पांढरा ठिपका दिलाय, दर दोन महिन्यांनी परत द्यावा लागतो. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. आमच्याकडे बायका पाच ग्रॅमच्या बांगडीसाठी अख्खं कपाट उतरवायला लावतात, आम्ही काही बोलतो का?